अस्सल हरपले, बखर उरली : दूरचित्रवाणीच्या अंतराळकथा आणि त्यांवरचे स्वस्तातले चित्रपट

१/
१८ जुलै १९५३, शनिवारची रात्र. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथील बीबीसीच्या स्टुडिओतून ‘द क्वाटरमास एक्स्परिमेंट’ या सहा भागांच्या मालिकेचा पहिला भाग थेट प्रक्षेपित झाला. २२ ऑगस्टला शेवटचा भाग लागला, तेव्हा सुमारे ५० लाख लोक तो पाहत होते. त्या शेवटच्या भागातले एकही हलते चित्र आज उपलब्ध नाही. मालिका संपली त्या रात्रीच तो भाग इतिहासातून नाहीसा झाला.

२/
तरीही प्रोफेसर बर्नार्ड क्वाटरमास हे नाव जगभरच्या विज्ञानकथाप्रेमींना ठाऊक आहे. त्याचे कारण दोन वर्षांनी, १९५५ साली, हॅमर या छोट्या चित्रपटसंस्थेने त्याच कथेवर काढलेला कृष्णधवल चित्रपट. मूळ कलाकृती गेली आणि तिची स्वस्तातली नक्कल टिकली. असे का घडले, आणि टिकलेल्या नकलेवर विश्वास कितपत ठेवावा, हा या थ्रेडचा विषय आहे.

३/
प्रथम काळ समजून घेऊ. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ दुसरी हिचा राज्याभिषेक वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला आणि तो दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला. त्या सोहळ्यासाठी ब्रिटनमधील असंख्य कुटुंबांनी पहिल्यांदा दूरचित्रवाणी संच विकत घेतले. सोहळा संपला, संच घरात राहिला. त्या संचासमोर बसणाऱ्या नव्या प्रेक्षकाला रात्री काय दाखवावे, हा बीबीसीपुढचा प्रश्न होता. देशात दुसरी वाहिनी नव्हती. स्वतंत्र व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली ती सप्टेंबर १९५५ मध्ये.

४/
मालिकेचा लेखक नायजेल नील हा आइल ऑफ मॅन या बेटावर वाढलेला, बीबीसीच्या पगारावरचा तरुण लेखक होता. दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टियर मूळचा ऑस्ट्रियाचा. तो नाझींच्या काळात ब्रिटनमध्ये आला होता. नायकाचे आडनाव नीलने लंडनच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचलले आणि ‘बर्नार्ड’ हे नाव रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड लोव्हेल यांच्यावरून घेतले. सहा भागांचा एकूण खर्च सुमारे ४,००० पाउंड होता.

५/
कथा थोडक्यात अशी. क्वाटरमासच्या देखरेखीखाली तीन अंतराळवीरांचे यान पृथ्वीबाहेर जाते, मार्ग चुकते आणि परत येऊन लंडनच्या विम्बल्डन भागात कोसळते. आत एकच माणूस सापडतो : व्हिक्टर कॅरून. उरलेल्या दोघांचे अंतराळपोशाख जागेवर आहेत. माणसे मात्र नाहीत. पुढे उलगडते ते असे, की कोणता तरी परका जीव त्या तिघांना एकत्र सामावून घेत आहे आणि कॅरूनचे शरीर हळूहळू वनस्पतीसारख्या राक्षसी आकारात बदलत आहे.

६/
या कथेला १९५३ च्या लंडनमध्ये वेगळे वजन होते. जर्मनीची व्ही-२ रॉकेटे शहरावर कोसळू लागली ती सप्टेंबर १९४४ मध्ये, म्हणजे जेमतेम नऊ वर्षांपूर्वी. आकाशातून रॉकेट येते आणि राहत्या वस्तीत पडते, हे दृश्य त्या प्रेक्षकाला नवे नव्हते. नवे इतकेच होते, की या वेळी रॉकेट आपल्याच शास्त्रज्ञाचे होते. कथेच्या मुळाशी असलेला अपराधभाव येथून येतो.

७/
शेवट वेस्टमिन्स्टर ॲबीत घडतो. तेथून दूरचित्रवाणीचे थेट प्रक्षेपण चालू असताना तो जीव कॅमेऱ्यात दिसतो. अडीच महिन्यांपूर्वी जी वास्तू राज्याभिषेकासाठी प्रेक्षकांनी घरबसल्या पाहिली होती, तीच वास्तू, तोच पडदा, आणि त्यावर आता राक्षस. नीलची ही योजना केवळ दूरचित्रवाणीवरच इतकी बोचरी होऊ शकत होती.

८/
राक्षस कसा बनवला? ॲबीच्या अंतर्भागाचे मोठे छायाचित्र घेतले, त्याला भोके पाडली आणि पानावेलींनी, चामड्याच्या तुकड्यांनी मढवलेले हातमोजे घालून स्वतः नीलने त्यातून हात बाहेर काढले. हातमोजे तयार करण्यात त्याची भावी पत्नी ज्युडिथ कर हिचा वाटा होता. पुढे हीच ज्युडिथ कर मुलांसाठीची चित्रपुस्तके लिहून ख्यातनाम झाली. लेखकाचे दोन हात म्हणजे परग्रहावरचा जीव. साधनांची ही परिस्थिती होती.

९/
आता मूळ प्रश्नाकडे. हे सारे थेट, म्हणजे नाटकासारखे, घडत होते. नट बोलत, कॅमेरा दाखवत, प्रेक्षक त्याच क्षणी पाहत. दूरचित्रवाणीसाठी उपयोगी पडेल अशी व्हिडिओ टेप अमेरिकेतल्या ॲम्पेक्स कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. त्यापूर्वी कार्यक्रम जपण्याचा मार्ग एकच : दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावून त्या पडद्याचेच चित्रण करायचे. ब्रिटनमध्ये याला टेलिरेकॉर्डिंग म्हणत, अमेरिकेत किनेस्कोप.

१०/
‘एक्स्परिमेंट’चे पहिले दोन भाग असे मुद्रित झाले. दुसऱ्या भागाचे चित्रण चालू असताना एक कीटक पडद्यावर येऊन बसला आणि काही मिनिटे तेथेच राहिला. आजही तो भाग पाहताना नटांच्या चित्रावर तो कीटक दिसतो. मुद्रणाचा दर्जा पाहता पुढचे चार भाग मुद्रित करण्याचा खटाटोप कोणी केला नाही. एका अनाम कीटकाला इतिहासात जागा मिळाली. शेवटच्या चार भागांतील नटांच्या कामाला मिळाली नाही.

११/
येथे कोणाला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. त्या काळी दूरचित्रवाणीवरील नाटक हे रंगमंचावरील प्रयोगासारखे मानले जाई. पुन्हा दाखवायचे तर नटांना पुन्हा बोलावून पुन्हा प्रयोग करत. नील आणि कार्टियर यांनी डिसेंबर १९५४ मध्ये सादर केलेले ‘नाइन्टीन एटी-फोर’ हे नाटक चार दिवसांनी असेच दुसऱ्यांदा थेट झाले आणि आज टिकले आहे ते त्या दुसऱ्या प्रयोगाचे मुद्रण. कालच्या प्रयोगाची प्रत ठेवावी, ही कल्पनाच अजून रुजायची होती.

१२/
आता हॅमर. हॅमर फिल्म्स ही टेम्स नदीकाठच्या ब्रे गावातील एका जुन्या वाड्यात चित्रीकरण करणारी छोटी संस्था. रेडिओवर गाजलेली कथा स्वस्तात विकत घ्यायची, तिची आधीच झालेली प्रसिद्धी वापरायची आणि झटपट चित्रपट काढायचा, हा तिचा धंदा. रेडिओवरील ‘डिक बार्टन’ या गुप्तहेराचे चित्रपट तिने असेच काढले होते. दूरचित्रवाणी मालिका हे त्या वाटेवरचे पुढचे पाऊल ठरले.

१३/
चित्रपटाचा खर्च सुमारे ४२,००० पाउंड. मालिकेच्या दहापट, परंतु चित्रपटसृष्टीच्या हिशेबात किरकोळ. दिग्दर्शक व्हॅल गेस्ट याने ही गरिबीच शैली म्हणून वापरली. खरे रस्ते, हातात धरलेला कॅमेरा आणि बातमीपटासारखी रीत. कथा खोटी असली तरी ती बातमी वाटावी, हा त्याचा हेतू होता. राक्षसासाठी लेस बोवी या तंत्रज्ञाने खाटकाकडून आणलेली जनावराच्या पोटाची आतडी-कातडी वापरली.

१४/
त्या काळी ब्रिटनमध्ये सोळा वर्षांखालील मुलांना ज्या चित्रपटास प्रवेश नसे, त्याला ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळे. बहुतेक निर्माते ते टाळत. हॅमरने उलटा डाव टाकला. ‘एक्स्परिमेंट’ या शब्दातले पहिले इंग्रजी अक्षर गाळून शीर्षकातच ‘एक्स’ मोठा केला. १९५५ च्या ऑगस्टमध्ये चित्रपट लंडनमध्ये लागला आणि तुफान चालला. अमेरिकेत तो ‘द क्रीपिंग अननोन’ या नावाने गेला. भयपट विकले जातात हे हॅमरला येथे कळले. १९५७ चा ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ ही त्याचीच पुढची पायरी.

१५/
परंतु नकलेने मूळ बदलले होते. अमेरिकेतील वितरक रॉबर्ट लिपर्ट याच्याशी झालेल्या व्यवहारामुळे नायकाच्या जागी अमेरिकन नट हवा होता. ब्रायन डॉनलेव्ही आला. मालिकेत रेजिनाल्ड टेट याने साकारलेला क्वाटरमास हा आपल्या चुकीच्या ओझ्याखाली दबलेला, विचारी ब्रिटिश शास्त्रज्ञ होता. डॉनलेव्हीचा क्वाटरमास दरडावून बोलतो, कोणाचे ऐकत नाही, थांबत नाही. नीलला तो कधीच आवडला नाही. परंतु नील पगारी नोकर होता. चित्रपटाचे हक्क बीबीसीने विकले होते.

१६/
सर्वांत मोठा बदल शेवटात आहे. मालिकेत क्वाटरमास ॲबीत त्या जीवासमोर उभा राहतो आणि त्याच्या आत अजून शिल्लक असलेल्या तीन माणसांना हाक घालतो. तुम्ही माणसे आहात, आतून प्रतिकार करा, असे तो त्यांना विनवतो. ते तिघे ऐकतात, आणि तो जीव त्यांच्यासह मरतो. शस्त्राने नव्हे, संवादाने. ज्याने त्यांना मृत्यूच्या दारी धाडले, त्यालाच त्यांच्याकडे हे शेवटचे मागणे मागावे लागते.

१७/
चित्रपटात लंडनची वीज ॲबीतल्या लोखंडी परांचीकडे वळवली जाते आणि राक्षस जळून मरतो. क्वाटरमास मागे न पाहता निघून जातो आणि अखेरच्या दृश्यात त्याचे नवे रॉकेट आकाशात झेपावते. मालिकेने विचारलेला प्रश्न होता : या माणसांच्या मृत्यूस जबाबदार कोण? चित्रपटाने तो प्रश्नच बाजूला ठेवला. ८२ मिनिटांत वीज दाखवणे सोपे, पश्चात्ताप दाखवणे अवघड.

१८/
तरी न्यायाने एक गोष्ट नोंदवायला हवी. कॅरूनची भूमिका करणारा रिचर्ड वर्ड्सवर्थ हा कवी विल्यम वर्ड्सवर्थ यांचा वंशज. चित्रपटात त्याला बोलण्यास जवळजवळ काही नाही. केवळ डोळे आणि चेहरा यांतून तो आपल्या शरीरात कैद झालेल्या माणसाची तडफड दाखवतो. मालिकेच्या शेवटात जी करुणा शब्दांत होती, ती चित्रपटात या एका नटाच्या चेहऱ्यावर येऊन थांबली आहे. नक्कल सर्वस्वी दरिद्री नव्हती.

१९/
मराठी इतिहासाच्या वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांचा आग्रह होता अस्सल समकालीन पत्रांवर. बखरी नंतर लिहिल्या जातात, रसाळ असतात, लोकांना त्याच आवडतात. परंतु त्यांत काळ, क्रम आणि हेतू बदललेले असतात. बखर टाकून द्यायची नसते. तिला बखर म्हणून वाचायचे असते. हॅमरचा चित्रपट ही क्वाटरमासची बखर आहे.

२०/
सुदैवाने अस्सल कागद येथे आहेत. नीलची संहिता टिकली आणि पेंग्विनने १९५९ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. काही छायाचित्रेही आहेत. मालिकेचा शेवट आज कळतो तो त्यामुळेच. परंतु टेट ती वाक्ये कोणत्या स्वरात बोलला, कोठे थांबला, हे संहिता सांगत नाही. टेट २३ ऑगस्ट १९५५ रोजी, अठ्ठावन्न वर्षांचा असताना, वारला. पुढच्या मालिकेत त्याच्या जागी जॉन रॉबिन्सन आला.

२१/
अटलांटिकच्या पलीकडे हीच कहाणी आधी घडून गेली होती. ड्यूमाँट या अमेरिकन वाहिनीवर १९४९ पासून ‘कॅप्टन व्हिडिओ अँड हिज व्हिडिओ रेंजर्स’ ही मुलांसाठीची अंतराळमालिका चालू होती. रोजचे थेट प्रक्षेपण, पुठ्ठ्याची याने, नगण्य खर्च. ती इतकी लोकप्रिय झाली, की कोलंबिया पिक्चर्सने १९५१ मध्ये तिच्यावर पंधरा भागांची चित्रपट-मालिका काढली. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमावरून चित्रगृहांसाठी मालिका निघाल्याचे हे पहिले उदाहरण. जड हॉल्ड्रन त्यात कॅप्टन होता. निर्माता सॅम कॅट्झमन काटकसरीसाठी प्रसिद्ध.

२२/
कॅट्झमनचे ते पंधरा भाग आजही पाहता येतात. मूळ मालिकेच्या हजाराहून अधिक भागांपैकी मात्र मोजकेच उरले आहेत. ड्यूमाँट वाहिनी १९५६ पर्यंत बंद पडली. १९९६ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतलेल्या सुनावणीत अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी साक्ष दिली, की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यूमाँटचे किनेस्कोप तीन ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवले गेले. कारण काय? साठवण्याचा खर्च कोणी करायचा, यावर एकमत होईना.

२३/
याच काळातले तिसरे उदाहरण उलटे आहे. १९५४ ची ‘रॉकी जोन्स, स्पेस रेंजर’ ही अमेरिकन मालिका थेट प्रक्षेपित न होता सुरुवातीपासून फिल्मवर चित्रित झाली. एकूण ३९ भाग. बहुतेक कथा तीन-तीन भागांच्या. त्यामुळे तीन भाग जोडले, की एक चित्रपट तयार. ‘क्रॅश ऑफ मून्स’, ‘मॅनहंट इन स्पेस’ ही नावे अशा जोडकामाचीच. कथेच्या मध्येच नवे संकट का उभे राहते, याचे उत्तर येथे आहे : तेथे पूर्वी एक भाग संपत असे.

२४/
‘रॉकी जोन्स’ ही त्या काळची सर्वांत महत्त्वाची मालिका होती काय? नाही. ‘कॅप्टन व्हिडिओ’चा प्रभाव तिच्याहून कितीतरी अधिक होता. पण आज जुन्या अंतराळमालिकांची ओळख करून घेऊ पाहणाऱ्यासमोर ‘रॉकी जोन्स’च अधिक येते, कारण ती फिल्मच्या डब्यांत सुरक्षित राहिली. जे टिकते तेच महत्त्वाचे होते, असे मानणे हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला घडणारा सर्वांत सोपा मोह आहे.

२५/
ब्रिटनमध्ये पुढे असेच घडत राहिले. ‘द ट्रोलेनबर्ग टेरर’ ही स्वतंत्र वाहिनीवरील मालिका १९५६-५७ च्या हिवाळ्यात लागली, १९५८ मध्ये तिचा चित्रपट झाला. दिग्दर्शक दोन्हींचा एकच, क्वेंटिन लॉरेन्स. मालिका गेली, चित्रपट राहिला. क्वाटरमासच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मालिका मात्र (१९५५ आणि १९५८-५९) पूर्ण मुद्रित झाल्या आणि वाचल्या. त्यांच्यावरचे हॅमरचे चित्रपट १९५७ आणि १९६७ मध्ये आले. तेथे मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून पाहता येते.

२६/
मूळ हरवले असते तर काय समजूत झाली असती, हे पाहायचे असल्यास ‘डॉक्टर हू’ पाहावे. १९६३-६४ मधील टेरी नेशनलिखित डालेकांची सात भागांची कथा टिकली आहे. तिच्यावरून १९६५ मध्ये ‘डॉ. हू अँड द डालेक्स’ हा रंगीत चित्रपट निघाला. मुख्य भूमिकेत पीटर कशिंग. मालिकेतला डॉक्टर हा नाव न सांगणारा, दुसऱ्या जगातून आलेला गूढ प्रवासी. चित्रपटातला मात्र ‘हू’ हे आडनाव असलेला, घरामागे यंत्र बनवणारा प्रेमळ मानवी आजोबा.

२७/
समजा, केवळ चित्रपटच उरला असता. तर पुढच्या पिढ्यांनी लिहिले असते, की १९६० च्या दशकात ब्रिटिश मुलांचा लाडका नायक एक हौशी संशोधक आजोबा होता. पुरावा हाती असूनही निष्कर्ष चुकीचा निघाला असता. हे केवळ तर्काचे चित्र नाही. याच ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग पुसले किंवा फेकले गेले. महागडी टेप पुन्हा वापरण्यासाठी पुसणे ही तेव्हाची नित्याची रीत होती.

२८/
काही भाग परत मिळाले ते परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्म-प्रतींमुळे. २०१३ मध्ये नायजेरियातील जोस शहरात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले. येथेही सूत्र तेच : लंडनचे मूळ गेले, दूरदेशी गेलेली प्रत उरली. मराठेशाहीची कितीतरी कागदपत्रे दरबारी दफ्तरांपेक्षा गावोगावच्या घराण्यांच्या रुमालांत सापडली, हे वाचकांना आठवेल. मध्यवर्ती कोठारापेक्षा दूरवर पांगलेल्या प्रतींची आयुष्यरेषा अनेकदा मोठी असते.

२९/
मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे एक उदाहरण आहे. १९६१ मध्ये बीबीसीने ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका दाखवली. लेखक होते जॉन एलियट आणि केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. दूरच्या आकाशगंगेकडून आलेल्या संदेशात एक संगणक बांधण्याची कृती सापडते, अशी कथा. तरुण ज्युली क्रिस्टी त्यात होती. नेमक्या याच काळात केंब्रिजमध्ये हॉइल यांच्या हाताखाली एक कोल्हापूरचा विद्यार्थी संशोधन करत होता : जयंत नारळीकर.

३०/
नारळीकर पुढे मराठीतील विज्ञानकथेचे आघाडीचे लेखक झाले. त्यांचे गुरू लोकांसाठी अंतराळकथा कशी रचत, हे त्या मालिकेत पाहता आले असते. पण सातांपैकी एकच भाग, सहावा, पूर्ण उरला आहे. बाकीच्यांचे काही तुकडे. ब्रिटनमध्ये त्या काळी त्या कथेवर चित्रपट निघाला नाही. हॉइल आणि एलियट यांनी १९६२ मध्ये तिची कादंबरी केली, म्हणून कथा कळते. स्वस्तातली एखादी नक्कल निघाली असती, तर निदान त्या प्रयोगाची सावली तरी हाती असती.

३१/
म्हणून या चित्रपटांकडे तुच्छतेने पाहणे परवडणारे नाही. ते टिकले यात त्यांच्या गुणांपेक्षा व्यवहाराचा भाग मोठा आहे. चित्रपट हा विकण्याचा माल होता. त्याच्या अनेक प्रती निघत, त्या देशोदेशी जात, प्रत्येक प्रतीला कोणीतरी मालक असे आणि पुन्हा दाखवून पैसे मिळण्याची आशा असे. थेट प्रक्षेपणाला यांतले काहीच नव्हते. ज्या वस्तूचा उद्या उपयोग दिसतो, तिलाच आज कपाट मिळते.

३२/
हा धडा पुढे दूरचित्रवाणीनेही गिरवला. १९७९ मध्ये क्वाटरमासची शेवटची मालिका स्वतंत्र वाहिनीसाठी तयार झाली. मुख्य भूमिकेत जॉन मिल्स. ती फिल्मवर चित्रित झाली आणि चार भागांची मालिका व एक छोटा चित्रपट, अशी दोन्ही रूपे आधीपासून ठरवून बनवली गेली. मालिका आणि तिचा चित्रपट आता एकाच निगेटिव्हमधून जन्म घेत होते. १९५३ मध्ये ज्या गोष्टीची कोणाला गरज वाटली नव्हती, ती पंचवीस वर्षांनी हिशेबाचा भाग झाली.

३३/
२ एप्रिल २००५ रोजी बीबीसी फोरने मूळ ‘एक्स्परिमेंट’ पुन्हा थेट सादर केले. क्वाटरमास होता जेसन फ्लेमिंग. त्याचे वडील गॉर्डन फ्लेमिंग यांनीच १९६५ चा डालेकांचा चित्रपट दिग्दर्शित केला होता. या प्रयोगात विजेचा झटका नव्हता. नीलच्या संहितेप्रमाणे क्वाटरमासने आपल्या हरवलेल्या सहकाऱ्यांना हाक घातली. पन्नास वर्षे बखरीने झाकलेला शेवट पुन्हा प्रेक्षकांसमोर उच्चारला गेला. आणि या वेळी तो मुद्रित झाला.

३४/
इतिहास वाचणाऱ्याने या सगळ्यातून एक सवय घ्यावी. समोर आलेल्या प्रत्येक साधनाला दोन प्रश्न विचारावे. हे काय सांगते, हा पहिला. आणि हे टिकले कशामुळे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर साधनातच असते. दुसऱ्याचे उत्तर साधनाबाहेर असते : बाजारात, कायद्यात, गोदामाच्या भाड्यात, कधी पडद्यावर येऊन बसलेल्या एखाद्या कीटकात. दुसरा प्रश्न विचारला नाही, तर वीजेने मेलेला राक्षस हाच खरा शेवट वाटू लागतो. माणसांना हाक घालणारा शास्त्रज्ञ मग कोणाला आठवतही नाही.